राइड संपली असं कधी म्हणायचं? सायकल ग्रुप, बिअर आणि तासांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवीस-तीस जणांचा हौशी ग्रुप दर रविवारी सत्तर-ऐंशी किलोमीटरची राइड करतो आणि शेवटी सगळे एकत्र बसून बिअर पितात. हल्ली काही जण मधल्या थांब्यावरच बाटली उघडतात. काही जण शनिवारी रात्री भरपूर पिऊन पहाटे राइडला हजर होतात. बैठक आटोपल्यावर बहुतेक जण सायकलवरूनच घरी जातात. किती प्यायलं तर चालतं, किती वेळ थांबावं, बिअरने रिकव्हरी होते हे खरं का, आणि लीडरने हे सगळं कसं सांभाळावं?

माझं उत्तर एका ओळीत मावतं: त्या दिवसातलं शेवटचं पॅडल मारून झालं की मगच प्यायचं. बैठकीच्या जागी पोचलात म्हणजे राइड संपली, हा यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. तिथून घरापर्यंतचे सहा किलोमीटर हेही राइडच असते, आणि तेव्हा ग्रुप सोबत नसतो, पुढे लीडर नसतो, मागे राहिलेल्यांना सांभाळत शेवटी येणारा स्वीप नसतो आणि अंगात थकवा असतो. हे तत्त्व एकदा मान्य केलं की बाकीचं सगळं नियोजनावर येतं. पण "का" हे आकड्यांत समजलं नाही तर ग्रुपमध्ये कोणी ऐकत नाही, म्हणून आधी आकडे.

बाटलीवर टक्के छापलेले असतात, पण शरीराला कळतात ते ग्रॅम. हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर, आणि त्याला गुणिले ०.७९, कारण एक मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम भरतं. ५ टक्क्यांची ३३० मिलीची बिअर म्हणजे १३ ग्रॅम. तीच ५०० मिली घेतली तर २० ग्रॅम. ४० टक्क्यांची ६० मिली दारू म्हणजे १९ ग्रॅम, आणि १२ टक्के वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे १४ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली मात्र थेट ४१ ग्रॅमवर जाते. "मी फक्त एकच बिअर घेतली" हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे. एकाची "एक" १३ ग्रॅमची असते, दुसऱ्याची ४१ ग्रॅमची, आणि दोघेही खरं बोलत असतात.

आता उतरण्याचा वेग. यकृत अल्कोहोल एका ठराविक गतीने जाळतं. जास्त प्यायलात म्हणून ते जास्त झपाट्याने कामाला लागत नाही. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण ०.०१५ टक्क्यांनी उतरतं, म्हणजे ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरातून तासाला सुमारे ७ ग्रॅम. हे सरासरीचे आकडे आहेत, माणसागणिक फरक बराच पडतो. बायकांच्या शरीरात त्याच वजनाला पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच ग्रॅमला रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. ७० किलोच्या पुरुषाला २० ग्रॅमने साधारण ०.०४ टक्के होत असेल, तर ६० किलोच्या बाईला तेवढ्यानेच ०.०६ च्या आसपास होतं. घाम गाळून अल्कोहोल बाहेर पडतं हा समज सायकलवाल्यांत फार घट्ट बसलेला आहे. श्वास, घाम आणि लघवी मिळून जेमतेम २ ते १० टक्के बाहेर पडतं, बाकी सगळं यकृताच्याच वाट्याला येतं. चढावर जोर लावून, गार पाण्याने आंघोळ करून किंवा कडक कॉफी पिऊन ते लवकर उतरत नाही. कॉफीने झोप उडते. नशा आहे तिथेच राहते, फक्त माणूस जागा असतो.

हाच हिशेब शनिवार रात्रीला लावून बघा. ७० किलोचा माणूस साडेआठला बसतो आणि अकरापर्यंत ६५० मिलीच्या दोन स्ट्राँग बाटल्या संपवतो. एकूण ८२ ग्रॅम. पहाटे साडेपाचला राइड सुरू होते, म्हणजे पहिल्या घोटापासून नऊ तास झाले. नऊ तासांत गेले ६३ ग्रॅम. उरलेले १९ ग्रॅम घेऊन तो सायकलवर बसतो. अर्धा लिटर बिअर ढोसून राइडला निघण्यात आणि यात रक्ताच्या दृष्टीने फारसा फरक नाही. त्यात झोप मोडलेली असते, तोंड कोरडं पडलेलं असतं, नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके वर असू शकते. त्याला स्वतःला मात्र "रात्रीचं उतरलंय" असंच वाटतं, कारण आदल्या रात्रीच्या तुलनेत खरंच बरं वाटत असतं. मधल्या थांब्यावरची बिअर डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिच्यावर बोलतात, पण माझ्या मते हौशी ग्रुपमधली मोठी जोखीम ही न दिसणारी, रात्रीची आहे.

राइडच्या आदल्या रात्री प्यायचंच असेल तर उलटं मोजा. निघण्याच्या वेळेपासून मागे जा, सावधपणे तासाला ७ ऐवजी ५-६ ग्रॅम धरा, आणि त्यावर दोन तास राखीव ठेवा. पहाटे साडेपाचच्या राइडसाठी रात्री नऊपर्यंत आटोपलेली ५०० मिलीची एक साधी बिअर या हिशेबात सहज बसते. तीन बसत नाहीत. श्वास तपासायचं छोटं यंत्र ग्रुपने घ्यायचं ठरवलं तर सेमीकंडक्टरवालं स्वस्त यंत्र टाळून फ्युएल सेलवालं घ्या, वर्षातून निदान एकदा कॅलिब्रेट करून आणा, आणि शेवटच्या घोटानंतर किंवा माउथवॉशनंतर पंधरा मिनिटं गेल्याशिवाय फुंकायला लावू नका. तोंडातल्या अल्कोहोलनेच आकडा फुगतो. यंत्राने शून्य दाखवलं तरी हँगओव्हर शिल्लक असू शकतो. ज्याचे डोळे जड आहेत त्याला गटात पुढच्या चाकाला चिकटून चालवू देऊ नका.

"गाडी चालवत नाहीये, सायकलच तर आहे" हा युक्तिवाद नेहमी येतो. सायकल दोन चाकांवर उभी राहते ती चालवणारा क्षणाक्षणाला हँडल बारीक बारीक हलवत असतो म्हणून. वेग जितका कमी, तितकी ही दुरुस्ती मोठी आणि वारंवार करावी लागते. त्यामुळे प्यायलेला सायकलस्वार सरळ रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने ठीक दिसतो आणि सिग्नलला थांबताना, वळताना, खड्डा चुकवताना पडतो. बुटाचा तळ अडकवून ठेवणारं क्लिपलेस पेडल असेल तर टाच बाहेरच्या बाजूला वळवून पाय सोडवायची हालचाल अर्धा क्षण उशिरा होते आणि माणूस उभ्याउभ्या आडवा होतो, बहुतेक कोपरावर किंवा खुब्यावर. वेगात हिशेब वेगळा. ताशी ३५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर. प्रतिक्रियेला ०.२ सेकंद जरी जास्त लागले तरी ब्रेक लागायच्या आधी सायकल दोन मीटर पुढे गेलेली असते. गटात पुढच्या चाकापासूनचं अंतर बहुतेक वेळा एक मीटरही नसतं. याचा अर्थ एकाची चूक त्याच्या मागच्या चार-पाच जणांना भोगावी लागते.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. अल्कोहोल हातापायांच्या आधी अंदाजावर घाला घालतं. लाइट लावायचा, हेल्मेटचा पट्टा नीट ओढायचा, उतारावर आधीच ब्रेक धरायचा, हे निर्णय पहिल्या बाटलीतच सैल पडतात. चालण्यात झोकांड्या त्याच्या बऱ्याच नंतर दिसतात. म्हणून "तो नीट चालतोय की" ही कसोटी वापरू नका.

मधल्या थांब्याबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे: शून्य. यात तडजोड सुचवायला जागाच नाही. उन्हात तीन तास चालवलेल्या माणसाचं पोट रिकामं असतं, तहान लागलेली असते, पेय गार आणि फसफसणारं असतं. तो पाण्यासारखं भराभर पितो आणि ते भराभर चढतं. वर अल्कोहोलने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि लघवी रोखून धरणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या हार्मोनवर दाब येतो. थंडीत त्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण आतली उष्णता कातडीवाटे निघून जाते. घामेजल्या कपड्यांनी लांब उतार उतरताना ते चांगलंच बाधतं. शर्यतींच्या जुन्या काळात दारूने दम येतो, वेदना कळत नाहीत असं मानलं जायचं. टूर द फ्रान्समध्ये वाटेतल्या कॅफेंत घुसून बाटल्या उचलून नेणं हा एके काळी रिवाजच होता. १३ जुलै १९६७ ला माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेलेल्या ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनच्या शरीरात उत्तेजक अ‍ॅम्फेटामिनबरोबर अल्कोहोलही सापडलं होतं, आणि वर होतं रणरणतं ऊन. एका गोष्टीने नव्हे, सगळ्या मिळून त्याचा जीव घेतला. थकवा कळेनासा करणारी कुठलीही गोष्ट उन्हातल्या चढावर घेऊ नये, एवढं त्यातून घ्यायचं.

आता रिकव्हरी. बिअरमध्ये पाणी आहे, कर्बोदकं आहेत, क्षार आहेत, म्हणून ती राइडनंतर चांगली, असं सांगितलं जातं. तिन्ही गोष्टी तपासून बघू.

पाणी: अल्कोहोलच्या दर ग्रॅममागे साधारण १० मिली जास्तीची लघवी होते, म्हणजे ५०० मिली साध्या बिअरमागे सुमारे २०० मिली. शरीर आधीच कोरडं असेल तर हा परिणाम थोडा कमी होतो, पण संपत नाही. शिरेफ्स आणि मॉन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यायामाने वजनाच्या २ टक्के पाणी घालवलेल्या लोकांना गमावलेल्या पाण्याच्या दीडपट पेय दिलं होतं, अल्कोहोल ०, १, २ आणि ४ टक्के. २ टक्क्यांपर्यंत विशेष फरक पडला नाही. ४ टक्क्यांना लघवी वाढली आणि रक्ताचं आकारमान भरून यायला उशीर लागला. म्हणजे हलकं, अर्धं लिंबूपेय मिसळलेलं पेय फारसं आड येत नाही, नेहमीची बिअर येते. जर्मन भाषेत बिअर आणि लेमोनेडच्या अशा मिश्रणाला "राडलर" म्हणतात आणि राडलर म्हणजे सायकलवाला. १९२२ साली म्युनिकजवळच्या एका खानावळवाल्याकडे सायकलवाल्यांची झुंबड उडाली, बिअर पुरेना, म्हणून त्याने ती पातळ केली, अशी गोष्ट सांगतात. शब्द त्याच्याही आधी छापलेला सापडतो, त्यामुळे गोष्टीवर फार विसंबू नका. कल्पना मात्र शहाणपणाची आहे. अर्धी-अर्धी मिसळली की ५ टक्क्यांची अडीच टक्के होते.

कर्बोदकं: लांब राइडनंतर ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला कर्बोदकांचा साठा, लवकर भरायचा असेल तर पहिले काही तास ताशी वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं लागतात. ७० किलोला ७० ते ८४ ग्रॅम. ५०० मिली बिअरमध्ये साधारण १५ ते २० ग्रॅम असतात. बिअरच्या ऊर्जेतला मोठा वाटा अल्कोहोलचाच असतो, ग्रॅममागे ७ कॅलरी, आणि स्नायू त्यातून ग्लायकोजेन बनवू शकत नाहीत. सायकलपटूंवरच्या प्रयोगांतून दिसलंय ते असं की खरं नुकसान होतं ते बिअर जेवणाची जागा घेते तेव्हा. आधी नीट जेवलात तर ग्लायकोजेनवरचा परिणाम फार कमी राहतो.

क्षार: घामात लिटरमागे २० ते ८० मिलिमोल सोडियम जातं, बिअरमध्ये ते नगण्य असतं. तीन-चार तास घाम गाळून नुसती बिअरच दोन-तीन लिटर प्यायली तर रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं; डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. सगळे समजतात चढली आहे.

आणि स्नायू. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जोरदार व्यायामानंतर किलोमागे १.५ ग्रॅम अल्कोहोल दिल्यावर, सोबत प्रथिनं घेऊनही स्नायूंमधली प्रथिननिर्मिती २४ टक्क्यांनी घटली. ही मात्रा प्रचंड आहे, ७० किलोच्या माणसाला १०५ ग्रॅम, म्हणजे पाच साध्या अर्ध्या लिटरच्या बिअरपेक्षा जास्त. एका बिअरने तुमची सगळी मेहनत वाया जाते असं म्हणणं चूक आहे. पण "आज कमावली आहे" म्हणत पाच घेणाऱ्याची मेहनत नक्कीच कमी पडते.

म्हणून शेवटच्या बैठकीचा क्रम मी असा ठेवायला सांगतो. पोचल्या पोचल्या सायकली कुलपात. मग पाणी, किमान अर्धा लिटर, त्यात किंवा सोबत मीठ. मग जेवण, नुसतं चखण्यावर भागवायचं नाही. भरपेट कर्बोदकं आणि २० ते ३० ग्रॅम प्रथिनं. अल्कोहोलची ऑर्डर पहिलं ताट संपल्यावरच. हा तीस-चाळीस मिनिटांचा उशीर फार काम करतो: तहान बिअरवर भागवली जात नाही, पोटात अन्न असल्याने चढायचा वेग कमी होतो, आणि निम्म्या लोकांची दुसऱ्या बाटलीची इच्छाच उरत नाही. किती पाणी हवं ते कळायला राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. १.२ किलो घटलं असेल तर पुढच्या दोन-चार तासांत १.५ ते १.८ लिटर द्रव जायला हवा, आणि त्या मोजमापात बिअर धरायची नाही.

काही जणांनी बैठकीतसुद्धा हात आखडताच ठेवायला हवा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना लांब राइडनंतर दुहेरी धोका असतो: यकृतातली साठवलेली साखर राइडने संपलेली असते आणि नवी साखर बनवायचं यकृताचं काम अल्कोहोल रोखतं. साखर मध्यरात्री झोपेत कोसळू शकते. पडून खरचटल्यावर आयब्युप्रोफेन घेतलं असेल तर त्यावर दारू नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल आणि जास्त दारू ही जोडी यकृताला झेपत नाही. मेट्रोनिडाझोल, झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नको. आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं लांब अंतर मारणाऱ्या पुरुषांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण तसंही जास्त आढळतं. एका बैठकीत भरपूर पिण्याने त्याला निमित्त मिळतं. छातीत फडफड, विनाकारण दम लागणं असं काही बैठकीच्या दुसऱ्या दिवशी जाणवलं तर ईसीजी काढून घ्या, राइड करून बघू नका.

आता घरी जायचं कसं, कारण सगळा नियम इथेच मोडतो. माणूस प्यायलेला असला तरी सायकल मागे सोडायला तयार होत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. ती महागाची असते, जिव्हाळ्याची असते. म्हणून आधीच सोय करा. बैठकीची जागा अशी निवडा जिथे सायकली रात्रभर आत ठेवता येतील किंवा जी कोणाच्या तरी घरी असेल. किंवा राइड घरी संपवा, आंघोळ करा, आणि संध्याकाळी सायकलशिवाय भेटा. हा पर्याय सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. जागेवर ठेवणार असाल तर डी-लॉक मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घाला, पुढचं चाक केबलने त्यातच अडकवा, लाइट, कम्प्युटर आणि सीटखालची पिशवी काढून घ्या. चाव्या न पिणाऱ्या एका माणसाकडे. हे पहिली बाटली उघडण्याआधी ठरलेलं असलं की शेवटी वाद होत नाही.

कारमध्ये टाकून न्यायची असेल तर ती न पिणाऱ्यानेच उचलावी आणि नीट उचलावी. आधी चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणा, मागचं चाक सहज निघतं. रिम ब्रेक असेल तर कॅलिपरवरची छोटी लिव्हर सोडा. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा) काढला की लगेच फोर्कमध्ये परत फिरवून ठेवा. सुटा ठेवलेला अ‍ॅक्सल हमखास हरवतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबायची नाही. दाबली की पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि नंतर रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जात नाही. पॅडच्या मधे स्पेसर किंवा दोन-तीन घड्या घातलेला पुठ्ठा सरकवा. फ्रेम गिअरची बाजू वर करून आडवी ठेवा, चेन गिअरवर सरकवणारा डिरेलर दाबला जाऊ नये आणि रोटरवर वजन पडू नये म्हणून. सायकल उलटी किंवा आडवी बराच वेळ राहिली तर ब्रेकच्या रिझर्व्हॉयरमधली हवा नळीत शिरू शकते आणि लिव्हर स्पंजासारखी लागते. सरळ उभी करून काही मिनिटं थांबा, दहा-वीस वेळा दाबा, तरी कडक झाली नाही तर ब्लीड केल्याशिवाय (नळीतली हवा काढल्याशिवाय) चालवू नका. चाकं परत बसवायचं काम दुसऱ्या दिवशी करायचं. प्यायलेल्या माणसाने रात्री बसवलेलं पुढचं चाक हा फार वाईट प्रकार आहे. क्विक रिलीजची लिव्हर अर्ध्यावर आली की ताण जाणवायला हवा आणि बंद केल्यावर तळव्यावर तिचा वण उमटायला हवा. तेवढा ताण लागला की नाही हे धड शुद्धीत असल्याशिवाय कळत नाही.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. नेदरलँड्समध्ये सायकलवाल्यालाही रक्ताच्या लिटरमागे ०.५ ग्रॅमचीच (वरच्या हिशेबात ०.०५ टक्के) मर्यादा आहे, ऑस्ट्रियात ०.८, जर्मनीत १.६ ला गुन्हा ठरतोच, पण चालवण्यात चूक झाली किंवा अपघात घडला तर ०.३ पासूनच कारवाई होऊ शकते. जपानमध्ये पूर्ण नशेत सायकल चालवणं आधीपासूनच गुन्हा होता; १ नोव्हेंबर २०२४ पासून नशा दिसत नसली तरी श्वासात ठराविक प्रमाणापेक्षा जास्त अल्कोहोल असताना सायकल चालवणंही कैदेच्या शिक्षेचा गुन्हा केलं, आणि चालवणार हे माहीत असून दारू किंवा सायकल देणाऱ्यालाही त्यात धरलं. तुमच्याकडचा नियम आणि अपघात विम्याची अट दोन्ही वाचून घ्या. अट नियमापेक्षा कडक असू शकते. जर्मनीतली १.६ ची रेषा बघून "तोवर चालतं" असं समजणं मात्र धोक्याचं आहे. ती शिक्षेची रेषा आहे. तोल त्याच्या खूप आधी जातो.

कोणी पडलं किंवा कोसळलं तर काय, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ हवं. १९५० च्या टूर द फ्रान्समध्ये अल्जीरियाचा अब्देलकादर झाफ आघाडीवर असताना कडक उन्हात कोसळला, झाडाखाली पडून राहिला, मग उठून उलट्या दिशेने सायकल मारत निघाला. अंगाला वाइनचा वास येत होता म्हणून तो प्यायला होता असंच पसरलं. दुसरी बाजू अशी सांगितली जाते की त्याला शुद्धीवर आणायला बघ्यांनीच त्याच्यावर वाइन ओतली होती. उष्माघात, साखर उतरणं, सोडियम उतरणं, डोक्याला मार आणि दारू, पाचही दिसायला सारखीच: अडखळती जीभ, गोंधळ, तोल जाणं, गुंगी. वास आला म्हणून दारूच, असं ठरवू नका. साखर मोजता येत असेल तर मोजा. डोकं आपटलं असेल आणि उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, कानानाकातून पाण्यासारखा द्रव येत असेल किंवा झटका आला असेल तर थेट हॉस्पिटल. "झोपू दे, उतरेल" या वाक्याने जीव गेले आहेत. हाक मारून जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त खंड पडत असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, कुशीवर वळवून ठेवा, एकटा सोडू नका. कॉफी पाजायची नाही, उलटी करवायची नाही.

राहिला ग्रुपचा स्वभाव. राउंडची पद्धत बंद करा. एक जण सगळ्यांना पाजतो, मग दुसरा, मग तिसरा. सहा जण असले की सहा राउंड, आणि सगळ्यात भराभर पिणारा सगळ्यांचा वेग ठरवतो. प्रत्येकाचं बिल वेगळं ठेवलं की हे आपोआप थांबतं. न पिणाऱ्याला कारण विचारायचं नाही. तो औषधं घेत असेल, त्याच्या धर्मात बसत नसेल, ती गरोदर असेल आणि सांगायचं नसेल, किंवा त्याने मोठ्या कष्टाने दारू सोडलेली असेल. या शेवटच्या माणसाला "अल्कोहोल-फ्री घे ना" असा आग्रहही करू नका. बऱ्याच देशांत ०.५ टक्क्यांपर्यंतची बिअर त्या नावाने विकता येते. ५०० मिलीत ती २ ग्रॅमच होते, तोल जाण्याइतकी नाही, पण चव आणि वास त्याची जुनी ओढ जागी करू शकतात.

आणि ज्याच्यासाठी राइड हे पिण्याचं निमित्त झालं आहे त्याच्याकडे काणाडोळा करू नका. सायकल मारणारा माणूस तब्येतीने चांगला दिसतो, म्हणून त्याचं पिणं बरंच उशिरा लक्षात येतं. बिडनमध्ये (सायकलवरच्या पाण्याच्या बाटलीत) पाण्याऐवजी दुसरंच काही, बैठक नसलेल्या राइडला गैरहजेरी, सकाळी हात थरथरणं आणि एक घोट घेतल्यावर थांबणं. ऑडिट-सी ही तीन प्रश्नांची साधी चाचणी आहे: किती वेळा पिता, पिता त्या दिवशी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात. बारापैकी पुरुषांना ४ आणि बायकांना ३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोलावं. बोलायचं ते एकट्याला गाठून, तो शुद्धीत असताना, एका नेमक्या प्रसंगावर; ग्रुपवर नाही आणि थट्टेत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद कर" असं मात्र सांगू नका. अचानक सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

राइडच्या सूचनेत खालचा मजकूर आहे तसा टाका. राइडच्या वेळेआधी बारा तास, म्हणजे लोक बाटली उघडायच्या आधी, तो वाचला जायला हवा:

"उद्या साडेपाचला निघतोय. आज रात्री नऊनंतर किंवा एका साध्या बिअरपेक्षा जास्त प्यायलेल्यांनी उद्या विश्रांती घ्यावी, पुढच्या रविवारी भेटू. मधल्या थांब्यावर फक्त पाणी, मीठ, खाणं. शेवटी बसणार आहोत; ज्यांना प्यायचंय त्यांची सायकल तिथेच कुलपात राहील किंवा कारने जाईल, चावी आजच्या लीडरकडे. ज्यांना सायकलनेच घरी जायचंय त्यांच्यासाठी जेवण आणि गार पेयं आहेत. कोण कसं परत जाणार ते रात्री आठपर्यंत नावापुढे लिहा."